मुऱ्हाळ्याची जीप

शुक्रवारी संध्याकाळी मी यादी करते. कंपनीच्या स्टोअरमध्ये इतकी वर्षं काढल्यावर हात आपोआप कागदाकडे जातो. तळेगावातल्या आमच्या सोसायटीपासून वराळ्याचं माहेर जेमतेम चहा निवेल एवढ्या अंतरावर, तरी मी यादीशिवाय निघत नाही. कारण तिथले लोक काय विसरले आहेत हे तिथे गेल्यावर मलाच आठवावं लागतं. त्या शुक्रवारच्या यादीत होतं: डिझेल, बॅटरीत घालायचं पाणी, जुन्या चादरी, हाताचं ग्रीस काढायची पावडर, वहिनीला नारळ, नवऱ्याचा जवळचा चष्मा. डिझेल सोडून सगळं आम्ही नेलं. डिझेलचं पुढे सांगते.

मला दोन भाऊ. थोरला शेती बघतो आणि कामगारांना खोल्या भाड्याने देतो, धाकटा कारखान्यात शिफ्टला जातो. आमच्या जुन्या गोठ्यात आता बैल नाहीत, दोन गाड्या आहेत. एक आबांची, म्हणजे आमच्या वडिलांची, डिझेलची जीप. दुसरी धाकट्याने हौसेने कुठूनतरी ओढून आणलेली पांढरी मोटार; ती आली त्या दिवसापासून विटांवर उभी आहे. शनिवार उजाडला की दोघे गोठ्यात शिरतात आणि माझा नवरा त्यांना जाऊन मिळतो. जीपला काही लागलं की मोटारीचं काढतात, मोटारीला लागलं की जीपचं. जमिनीची वाटणी न भांडता झाली, पान्यांची अजून व्हायची आहे. संध्याकाळी तिघे काळ्या हातांनी बाहेर येतात आणि सांगतात, "पुढच्या शनिवारी चालू." वहिनीचं मत ठाम आहे. ती म्हणते, "बैल होते तवा शेन तरी मिळायचं."

या वेळी मात्र पुढचा शनिवार चालणार नव्हता. बुधवारी गावची जत्रा होती आणि आत्याला आणायचं होतं.

आत्या आबांची धाकटी बहीण, तुंगार्लीला दिलेली. आमच्याकडे लेक जत्रेला आपली आपण येत नाही; माहेरचं माणूस तिला न्यायला जातं. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी जातो, लेकीच्या सासरी पाटावर बसून जेवतो, मग तिची ओटी भरतात आणि ती त्याच्याबरोबर निघते. आबा होते तोवर दर जत्रेला ते जीप घेऊन जायचे. आबा गेले तेव्हा थोरला आत्याच्या पाया पडून म्हणाला होता, "आत्ये, ही जीप मी चालती ठेवीन. जत्रंला तुला हिच्यातनंच आनीन." दुःखात माणूस काहीही बोलून जातो. जीप तर त्याच पावसाळ्यात बंद पडली. पण आत्याने शब्द धरून ठेवला. पुढच्या जत्रेला थोरल्याने भाड्याची गाडी पाठवली. आत्याने ड्रायव्हरला चहा पाजला, चिवडा दिला आणि गाडी रिकामी परत पाठवली. त्याच्या पुढच्या वर्षी तिचा मुलगा म्हणाला, मी सोडतो माझ्या गाडीने. त्यावर ती म्हणाली, "पोरगा सोडाय आला म्हंजी ते न्यायला येनं न्हवं. ते घालवून देनं झालं."

मग तिने यायचं सोडूनच दिलं. दर वर्षी फोनवर एक ठेवणीतला टोमणा मात्र यायचा: "पुडच्या जत्रंला मी असंन न्हाई तर नसंन." थोरला हसायचा. "आत्ये, गेल्या सालीबी ह्येच म्हनलीस."

या वर्षी ती तसं म्हणाली नाही. वहिनीने जत्रेचं सांगायला फोन केला, तर आत्या नुसतं "बरं, बरं. नीट करा समदं," असं म्हणाली आणि फोन ठेवला. मी शनिवारी सकाळी पोचले तेव्हा वहिनी गोठ्याच्या दारात उभी राहून हेच सांगत होती. थोरला जीपखाली होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. पाय हलायचे थांबले. मग तो बाहेर आला, पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "उद्या आनायची."

"कशातून?" मी विचारलं.

"हिच्यातनं."

अडचण अशी होती की जीपचा सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर, तळेगावला दुरुस्तीला दिलेला होता आणि दुरुस्त करणारा माणूस लग्नाला गेला होता. सेल्फ नसला तर गाडी ढकलून चालू करावी लागते. धाकट्याचं म्हणणं, ढकलू. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आधी एक व्हिडिओ बघू. माझ्या नवऱ्याचा व्हिडिओंवर फार विश्वास आहे. त्याने एकदा व्हिडिओ बघून आमच्या बाथरूमचा नळ दुरुस्त केला होता, तेव्हापासून आम्ही बादलीने अंघोळ करतो.

शेवटी दुपारी जेवणाआधी शेताकडच्या उतारावर थोरला स्टिअरिंगला बसला, दोघांनी जीप ढकलली आणि ती चालू झाली. आधी खोकली, मग थरथरली, मग असा काळा धूर सोडला की वहिनीने वाळत घातलेले पापड उचलून घरात पळवले. थोरला दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. धाकटा ओरडत होता. नवरा मला म्हणाला, "व्हिडिओत असाच धूर दाखवला होता."

आनंदाच्या भरात त्यांनी ती दिवस मावळेपर्यंत चालूच ठेवली. गल्लीतला प्रत्येक माणूस येऊन ऐकून गेला. मी विचारलं, "डिझेल भरायचं ना?"

"टाकीत हाय की," थोरला म्हणाला. "काटा बग. अर्ध्यावर हाय."

मी काटा बघितला. अर्ध्यावर होता. मी यादीतली पहिली ओळ खोडली.

रविवारी सकाळी पुन्हा उतारावरून ढकलून निघालो. थोरला चालवायला, धाकटा इंजिनासाठी, नवरा फोनसह, आणि मी. मी का, असा प्रश्न निघाला होता. मी म्हणाले, तिघांपैकी एकाचेही हात ओटीच्या तांदळाला लावण्याजोगे नाहीत. मागच्या सीटवर मी चादर अंथरली, पायाशी पाण्याची बाटली, पिशवीत नारळ आणि आत्याला आवडणारं लिमलेट. वहिनीने जीपला हळदकुंकू लावलं आणि हळूच मला म्हणाली, "टॅक्सीवाल्याचा नंबर घेतलाय ना?" घेतला होता.

वडगाव, कामशेत मागे पडलं. जीप चांगली चालली, फक्त बोलता येत नव्हतं एवढा आवाज. लोणावळ्यात शिरलो आणि रविवारची गर्दी लागली. पुण्यामुंबईच्या गाड्या चिक्कीच्या दुकानांपुढे तिरक्या लावलेल्या, मधून माणसं मक्याची कणसं खात चाललेली. थोरल्याचा एक पाय सतत ॲक्सिलरेटरवर, कारण इंजिन बंद पडलं तर त्या गर्दीत ढकलणार कुठे? आमच्या शेजारी एक लांब, चकचकीत गाडी उभी राहिली. काच खाली आली आणि गॉगल लावलेल्या एका माणसाने विचारलं, "भैया, टायगर पॉइंट का कितना लोगे?"

थोरल्याची मान ताठ झाली. धाकटा पुढे वाकून म्हणाला, "खाली नहीं है साब. हमारी बुआ का बुकिंग है."

गाडी पुढे सरकल्यावर थोरला म्हणाला, "किती देत हुता, इचारायचं तरी."

आत्याचं घर तुंगार्लीत बंगल्यांच्या मागच्या अंगाला आहे. सपाट गल्ली, गेटपुढे जांभळाचं झाड. तिचा मुलगा बंगल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था बघतो, त्यामुळे रविवारी तो घरी सापडत नाही. सून मात्र होती. आम्ही गेटशी थांबलो तेव्हा आत्या ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. आधी आवाज ऐकला. मग सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि गेटपर्यंत आली. जीपच्या बॉनेटवर तिने तळहात ठेवला आणि चटका बसल्यावर काढला.

"आत या," ती म्हणाली.

आता खरी पंचाईत झाली. सेल्फ नाही, गल्ली सपाट. इंजिन बंद केलं की संपलं. थोरला सीटवरून उतरायला तयार नव्हता. "आत्ये, बस तू. आवर पटकन. आमी हितंच हाय."

"मुऱ्हाळी दारातनं परत जात न्हाई," आत्या म्हणाली. "पाटावर बसायचं, जेवायचं, मग मी निगनार. का पद्धत बदलली वराळ्याची?"

"आगं, गाडी चालू हाय—"

"मग र्‍हाऊ दे चालू. तिला मी कुटं जेवाय बोलावलंय?"

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. धाकटा बॉनेट उघडून एक ढिली नळी बोटाने दाबून उभा होता. बोट काढलं तर काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं, पण काढायची हिंमतही नव्हती. नवऱ्याने तोपर्यंत एक दगड चाकाला लावून त्यावर पाय ठेवला होता, का ते कोणी विचारलं नाही. आत्याने तिघांना एकेक करून न्याहाळलं आणि माझ्याकडे वळली. "चल पोरी. तूच मुऱ्हाळी."

"बाई मुऱ्हाळी कधी झाली आहे का, आत्या?"

"ह्ये तिघं मुऱ्हाळी दिसत्यात का तुला?"

मी पाटावर बसले. समोर रांगोळी, केळीच्या पानावर पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडई. पहाटेपासून रांधलेलं दिसत होतं. मी सुनेला विचारलं, "आम्ही येणार हे कळवलं होतं का कोणी?" सून म्हणाली, "काल तुमच्या वहिनींनी फोन करून फक्त जीपचा आवाज ऐकवला. आत्याबाई रात्रीच डाळ भिजत घाला म्हणाल्या."

ताटं गेटवर गेली. सून थोरल्याला जीपमध्ये बसल्या जागी वाढत होती. तो एका पायाने ॲक्सिलरेटर सांभाळत मांडीवर ताट घेऊन जेवत होता. धाकट्याला नवरा भरवत होता. शेजारच्या बंगल्यातले पाहुणे बाल्कनीत येऊन बघायला लागले. मी ओसरीच्या दारातून हे सगळं बघत, आग्रहाची दुसरी पोळी तुपात बुडवत होते आणि मनात म्हणत होते की मुऱ्हाळी असण्यात काही वाईट नाही.

तेवढ्यात आवाज थांबला.

इतकी शांतता झाली की जांभळावरचा कावळा ऐकू आला. मग तिघांचे आवाज एकदम सुरू झाले. नळीवरचं बोट कोणी काढलं? कोणी नाही. पाय उचलला का? नाही उचलला. फिल्टर चोंदला असेल. नोझल गेला असेल. नवरा व्हिडिओ शोधत होता, पण रविवारी लोणावळ्यात नेट चालत नाही.

मी हात धुतले. सुनेकडून नवी केरसुणी मागितली, तिची एक लांब हीर मोडून घेतली, टाकीचं झाकण काढलं आणि हीर तळापर्यंत घालून बाहेर काढली. कोरडी. जशी गेली तशी आली. मी ती थोरल्याच्या नाकासमोर धरली.

"असं कसं?" तो म्हणाला. "काटा अर्ध्यावर हाय."

मी काट्याकडे बघितलं. अजूनही अर्ध्यावरच होता. शनिवारी हौसेने आणि आज बंद पडू नये म्हणून जे इंजिन चालू ठेवलं, ते चालू ठेवल्यामुळेच बंद पडलं होतं.

"त्यो काटा व्हय?" मागून आत्या म्हणाली. "त्यो माज्या भावाच्या हातात गाडी आली तवापास्नं अर्ध्यावरच हाय."

मी मागे वळून बघितलं. आत्या उंबरठ्याबाहेर आली होती. ओटी भरलेली, हातात कापडी पिशवी, पायांत नव्या चपला. ती सरळ चालत आली आणि थोरल्याच्या शेजारच्या सीटवर चढून बसली.

"आत्याबाई, गाडी बंद आहे," सून म्हणाली. "आत बसा तोवर. नाहीतर यांना फोन करते, आपल्या गाडीने—"

"ओटी भरून पाय भाईर पडला. आता माघारी फिरायचं न्हाई."

माझ्या पर्समध्ये टॅक्सीवाल्याचा नंबर होता. मी तो काढलासुद्धा. आत्याने माझ्याकडे नुसतं बघितलं, मी परत ठेवला. ती काय म्हणणार ते मला कळलं होतं: टॅक्सीच पाहिजे असती तर मी कधीच आले असते. आणि ती उतरून आत गेली, तर पुन्हा बाहेर पडेल याची खात्री आमच्यापैकी कोणीच देऊ शकत नव्हतं.

मग कामं वाटली. ते मला जमतं. धाकट्याला शेजाऱ्याच्या स्कूटरवर कॅन देऊन पंपावर पाठवलं. थोरल्याला छत्री धरून आत्याच्या बाजूला उभं केलं, कारण ऊन डोक्यावर आलं होतं. डिझेलची गाडी कोरडी पडली की तिच्या नळ्यांत हवा अडकते, नुसतं डिझेल ओतून भागत नाही. ती हवा काढायचं काम नवऱ्याला दिलं. ते त्याला खरंच येत होतं, त्याचा व्हिडिओ त्याने शनिवारीच बघितला होता. स्क्रू सैल करायचा, छोटा पंप हाताने दाबत राहायचा, फेस येतो तोवर थांबायचं नाही. डिझेल आल्यावर त्याने ते केलं. निम्मं शर्टावर घेतलं, पण केलं.

तोपर्यंत बंद जीपमध्ये आत्याचा दरबार भरला होता. गल्लीतल्या बायका एकेक येऊन बघून जात होत्या. "निघालात का मावशी माहेरी?" "निगाले की." "गाडी का थांबलीय?" "जेवतीय." कोणी लोणच्याची बरणी दिली, कोणी वराळ्यातल्या बहिणीला निरोप. ती सगळ्यांना सांगत होती, "ही माजी भाची, मुऱ्हाळी आलीय." आणि मी सगळ्यांना नमस्कार करत होते.

डिझेल भरून झालं तरी ढकलायचं राहिलंच होतं. सपाट गल्लीत जीप दोनदा नुसती कण्हली. थोरला घामाने निथळत होता, छत्री आता मी धरली होती.

"तळ्याच्या रस्त्याला घ्या," आत्या म्हणाली. "तितं उतार हाय. तुजा बा तितंच लावायचा."

"आबा? तळ्याकडं?"

"दर खेपंला. म्हनायचा, तळ्याचं वारं लय ग्वाड हाय, गाडी तितंच बरी. मी काय खुळी व्हय रं? ही रांड त्येला तरी कुटं एका दमात चालू व्हायची! चार पोरं बोलवून ढकलत न्यायचा, अन् हितं दारात आला की आसा ऐटीत."

थोरला स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायला लागला. थांबेचना. आम्ही सगळ्यांनी जीपला हात लावला: मी, नवरा, धाकटा, सून, लोणचंवाल्या काकू, बाल्कनीतून उतरून आलेले पाहुणे. कोपऱ्यापर्यंत ढकलली. उतार लागला, थोरल्याने क्लच सोडला आणि जीप धूर सोडत सुटली. धाकटा धावत जाऊन मागून चढला. थोरला थांबला नाही. थांबायची त्याची छाती नव्हती. आत्याने मागे वळून हात हलवला, आणि ती दिसेनाशी झाली.

मी आणि नवरा रस्त्यात उभे. मुऱ्हाळी मागे राहिला आणि लेक पुढे गेली, असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच घडलं असणार.

आम्ही टॅक्सी केली. नंबर वाया गेला नाही. वराळ्याला पोचलो तेव्हा आत्या पाय धुऊन ओसरीवर बसली होती. आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. तो समारंभ आमचा हुकला. वहिनीने सांगितलं की थोरला कोपऱ्यापासूनच ओरडत आला, "तुकडा आन, लवकर आन, थांबता येत न्हाई!" आणि तिने चालत्या जीपबरोबर चालत आत्यावरून भाकरी ओवाळली. दोनदा आत्याऐवजी धाकट्यावरून ओवाळली गेली.

बुधवारी जत्रा झाली. आत्या पालखीपुढे नारळ घेऊन गेली, कुस्त्या बघायला पुरुषांच्या पुढे जाऊन बसली, आणि आबांच्या फोटोपुढे लिमलेटची गोळी ठेवून आली. जायचा दिवस तिने आधीच सांगितला होता: सोमवारी. "पन जिनं आनलं तिनंच सोडायचं," असंही जीपकडे बोट करून सांगून ठेवलं होतं. जीप तर घरी आल्यावर थोरल्याने बंद केली ती बंदच होती.

शनिवारी मी यादी घेऊन गेले. दुरुस्त झालेला सेल्फ तळेगावहून आला होता, धाकट्याने तो सकाळीच बसवला होता. पहिली ओळ "डिझेल". या वेळी मी कॅन भरूनच नेला. थोरल्याने सीटवर बसून चावी फिरवली. जीप अर्ध्या फेरीत चालू झाली. खोकली नाही, थरथरली नाही. धूरसुद्धा जेमतेम.

थोरल्याने झटकन इंजिन बंद केलं. माझ्याकडे बघितलं. मग ओसरीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "न्हाई होत चालू. लय काम हाय अजून."

"कसला आवाज आला रं आत्ता?" ओसरीवरून आत्याने विचारलं.

"मिक्सरचा, आत्ये!"

वीज सकाळपासून गेलेली होती. पंखा बंद म्हणूनच आत्या ओसरीवर येऊन बसली होती. मी यादीतल्या "सोमवारी आत्याला सोडणे" या ओळीवर पेन ठेवून उभी राहिले. धाकटा पान्यांच्या डब्यात काहीतरी शोधत असल्याचं दाखवत होता.

"बरं," आत्या म्हणाली. "मिक्सरला म्हनावं, काय घाई न्हाई."